नायट्रोजन की साधी हवा? गोव्यात पहिली गाडी घेणाऱ्यांसाठी

शोरूममध्ये चावी हातात पडते तेव्हा नारळ फुटलेला असतो, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक असतं आणि घरचे फोटो काढण्यात गुंग असतात. नेमक्या त्या गडबडीत सेल्समन एक वाक्य सोडून देतो: "चारही टायरांत नायट्रोजन भरलाय हां, आता साधी हवा घालू नका." विम्याचं, सर्व्हिसिंगचं, वॉरंटीचं काय सांगितलं ते संध्याकाळपर्यंत कुणाला आठवत नाही. हे वाक्य मात्र माणूस वर्षानुवर्षं पाळतो.

मी रोज डिचोलीहून पणजीला जाऊन येतो. घरात दोन गाड्या आहेत, आणि नात्यात कुणी गाडी घेतली की टायरचा पहिला फोन मला येतो. बहुतेक वेळा तो या वाक्यावरूनच असतो. नायट्रोजन वाईट नाही, हे आधीच सांगतो. पण नायट्रोजन मिळाला नाही म्हणून कमी हवेवर गाडी पुढे दामटणं ही टायरची वाट लावायची खात्रीची पद्धत आहे.

आधी आपल्या गाडीचा आकडा शोधा

ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा उघडा. दरवाजा जिथे येऊन बसतो त्या खांबावर एक स्टिकर असतो. काही गाड्यांत तो पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला असतो, आणि दोन्हीकडे नसेल तर गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात माहिती असते. त्यावर टायरचा साइज, पुढच्या आणि मागच्या चाकांचा दाब आणि बहुधा दोन रकाने असतात: एक कमी माणसांसाठी, दुसरा भरलेल्या गाडीसाठी. चवथीला गावी निघताना पाच माणसं, माटोळीचं सामान आणि डिकीत नारळांचं पोतं असेल तर दुसरा रकाना वाचायचा.

आकडा पीएसआयमध्ये, म्हणजे दर चौरस इंचावर किती पौंड दाब या पंपावरच्या नेहमीच्या मापात, नसेल तर गोंधळू नका. २३० किलोपास्कल म्हणजे २.३ बार, म्हणजेच ३३ पीएसआय. लहान गाड्यांचा दाब साधारण तिशीच्या आसपास असतो. पुढच्या सगळ्या उदाहरणांत मी ३३ धरतो, तुम्ही तुमचा आकडा घाला.

टायरच्या कडेवर कोरलेले ४४ किंवा ५१ पीएसआय बघून तेवढी हवा भरून घेणारे लोक आहेत. तो आकडा त्या टायरला सोसणारी कमाल मर्यादा सांगतो. तुमच्या गाडीचं वजन किती, सस्पेन्शन कसं, हे टायर बनवणाऱ्याला कुठून माहीत असणार?

स्वतःचा गेज, आणि सकाळची वेळ

टायरचा दाब मोजायचा पेनाएवढा गेज शे-दोनशे रुपयांपासून मिळतो. तो घ्याच. पंपावरच्या मशीनला दिवसभर शेकडो हात लागतात, पाइप ओढले जातात, जमिनीवर आपटतात. दोन पंपांच्या मशीनमध्ये दोन-तीन पीएसआयचा फरक मी सर्रास पाहिला आहे. आपला एकच गेज, मग तो अगदी काटेकोर नसला तरी, दर वेळी सारखाच बोलतो. महिन्यामागून महिना तुलना करायला तेवढं पुरतं.

गेज लावायचीही एक रीत आहे. व्हॉल्व्हवर सरळ दाबा. 'फुस्स' आवाज क्षणात थांबला पाहिजे. आवाज चालूच राहिला तर गेज तिरका बसला आहे, तो आकडा कमी दाखवेल आणि हवाही जाईल. दोन-तीनदा मोजा, सारखा आकडा दोनदा आला की तो धरा.

मोजायचं ते टायर थंड असताना. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असलेली. रात्रभर अंगणात लावलेली गाडी सकाळी ऊन यायच्या आत मोजली की झालं. ऊन आलं आणि गाडीच्या एकाच बाजूला पडलं, तर त्या बाजूची दोन चाकं उगाचच जास्त दाखवतात आणि आपण पलीकडच्या चाकांत पंक्चर शोधत बसतो.

तापमानाचा हिशेब सोपा आहे. गेज ३३ दाखवतो तेव्हा टायरच्या आत बाहेरच्या हवेचा १४.७ धरून एकूण ४७.७ पीएसआय दाब असतो. तापमान साधारण ६ अंशांनी वाढलं की त्यात एक पीएसआयची भर पडते. सकाळी २७ अंशांवर ३३ असलेला टायर हायवेवर तापून ५७ अंशांवर गेला तर गेज ३८ च्या जवळ दाखवेल. हे ठरलेलं आहे आणि गाडी बनवणाऱ्यांनी ते गृहीत धरलेलं आहे. तापलेल्या टायरात ३८ दिसले म्हणून हवा सोडू नका. तिथेच ३३ वर आणला तर दुसऱ्या दिवशी सकाळी तो २९ च्याही खाली येऊन बसेल.

मग घरून पंपापर्यंत जाताना टायर तापतो त्याचं काय? घरीच थंड टायर मोजा आणि किती कमी आहे तेवढं लिहून घ्या. समजा २९ आहे, म्हणजे ४ कमी. पंपावर मशीन त्याच टायरला ३१ दाखवेल. तिथे ३३ लावायचे नाहीत, ३१ अधिक ४, म्हणजे ३५ लावायचे. म्हापशाच्या एका पंपावरचा मुलगा "कितली घालूं?" विचारतो आणि मी चार चाकांना चार वेगळे आकडे सांगतो, तेव्हा तो माझ्याकडे ज्या नजरेने बघतो ती आता अंगवळणी पडली आहे.

आता मूळ प्रश्न

आपण श्वासात घेतो त्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. २१ टक्के ऑक्सिजन, उरलेला बहुतेक अरगॉन. म्हणजे 'साधी हवा' भरली तरी तुमच्या टायरात तीन-चतुर्थांशाहून जास्त नायट्रोजन आहेच. टायरवाल्याकडचं मशीन नायट्रोजन कुठल्या सिलिंडरमधून आणत नाही. दुकानातल्याच कॉम्प्रेसरची हवा ते बारीक पोकळ तंतूंच्या जुडग्यातून ढकलतं. ऑक्सिजन आणि बाष्प तंतूंच्या भिंतींतून लवकर निसटतात, नायट्रोजन दुसऱ्या टोकाला पोचतो. काही मशीनमध्ये हेच काम कार्बनची चाळण करते. बाहेर येतो तो साधारण ९५ टक्क्यांच्या आसपासचा नायट्रोजन. तुम्ही पैसे देता ते ७८ वरून ९५ वर जाण्याचे.

त्याने काय मिळतं, ते दाव्या-दाव्याने बघू.

"नायट्रोजनचा रेणू मोठा, म्हणून गळत नाही." अर्धं खरं. रेणूच्या आकारातला फरक जेमतेम पाच टक्के आहे, पण रबरातून ऑक्सिजन नायट्रोजनच्या तीन-चार पट वेगाने झिरपतो हे बरोबर. प्रत्यक्षात किती फरक पडतो? अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहकांच्या मासिकाने ३१ प्रकारच्या टायरांच्या जोड्या घेतल्या, एकात हवा आणि एकात नायट्रोजन, दोन्हींत ३० पीएसआय, आणि वर्षभर उघड्यावर ठेवल्या. वर्षाअखेरीस हवेच्या टायरांतून सरासरी ३.५ पीएसआय गेले, नायट्रोजनच्या टायरांतून २.२. फरक १.३ पीएसआयचा, तोही अख्ख्या वर्षात. चालत्या गाडीत व्हॉल्व्ह, रिम, खड्डे यांची भर पडते आणि महिन्याला एखादा पीएसआय जाणं नेहमीचं असतं, तिथे हा फरक आणखी झाकला जातो.

यातली एक गंमत दुकानदार सांगत नाही. साध्या हवेतला ऑक्सिजन आधी झिरपतो, आपण वरून पुन्हा हवा भरतो, त्यातलाही ऑक्सिजन आधी जातो. म्हणजे नियमित हवा भरलेला जुना टायर आपोआप थोडा थोडा नायट्रोजनचा होत जातो. फुकटात.

"टायर थंड राहतो." नाही. टायर तापतो तो रस्त्यावर दबून-उलगडून, त्याच्या रबराच्या घुसळणीने. हवा कमी असेल तर घुसळण जास्त, म्हणून जास्त तापतो. आत कुठला वायू आहे याने काही बिघडत नाही, आणि दाब वाढण्याचा वरचा हिशेब नायट्रोजनलाही तसाच लागू आहे.

"गाडी मऊ चालते, मायलेज वाढतं." हे सांगणारे खोटं बोलत नसतात, फक्त श्रेय चुकीच्या माणसाला देतात. सहा महिने हवा न बघितलेली गाडी नायट्रोजनला नेली, चारही चाकांत पहिल्यांदाच योग्य दाब आला, गाडी हलकी वाटली. तोच दाब साध्या हवेचा असता तरी वाटलीच असती. मायलेजचा अमेरिकी सरकारचा हिशेब असा आहे की चारही टायरांत सरासरी एक पीएसआय कमी झाला की इंधन सुमारे ०.२ टक्के जास्त जातं. पाच-सहा पीएसआय कमी ठेवून फिरणाऱ्याला तो लागू पडतो, वायू कुठलाही असो.

"विमानात वापरतात, रेसच्या गाड्यांत वापरतात." खरं आहे, पण कारण ऐका. ३१ मार्च १९८६ रोजी मेक्सिकोत एक बोइंग ७२७ उड्डाणानंतर थोड्याच वेळात कोसळलं, त्यातले सगळे १६७ लोक गेले. ब्रेक अतोनात तापला होता आणि त्या चाकात नायट्रोजनऐवजी साधी हवा होती. तापलेल्या टायरच्या आत स्फोट झाला आणि विमानाच्या इंधनाच्या, हायड्रॉलिकच्या, विजेच्या तारा-नळ्या तुटल्या. त्यानंतर १९८७ मध्ये अमेरिकेच्या विमान प्राधिकरणाने मोठ्या प्रवासी विमानांच्या टायरांत नायट्रोजन सक्तीचा केला. विमानाचे ब्रेक ज्या तापमानाला जातात त्याच्या जवळपासही तुमची हॅचबॅक पर्वरीचा चढ उतरताना जाणार नाही. रेसमध्ये गोष्ट दाबाच्या अचूकतेची असते, आणि तिथे खरा मुद्दा वायूच्या कोरडेपणाचा आहे.

कोरडेपणा, म्हणजे गोव्यातला खरा मुद्दा

इथे मी नायट्रोजनवाल्यांच्या बाजूने थोडा झुकतो. मुंबई-पुण्याचे लेख वाचून गोव्यातली हवा समजत नाही. जुलैत आपल्याकडे कपाटातल्या चपलांना बुरशी येते, मीठ बरणीत दगड होतं. हीच हवा पंपावरचा कॉम्प्रेसर दाबून टाकीत भरतो. दाबली की तिच्यातलं बाष्प पाणी होऊन टाकीच्या तळाशी साचतं. टाकीखाली ते काढायची तोटी असते. रोज उघडली तर काही प्रश्न नाही. पण रोज उघडतं कोण?

एका पावसाळ्यात वाटेतल्या एका पंपावर मी हवा भरायला थांबलो. सवय म्हणून पाइपाच्या तोंडातली पिन चावीच्या टोकाने दाबली आणि हवेचा झोत डाव्या हातावर घेतला. हातावर थेंब आले. स्वच्छ पाण्याचे नव्हेत, कोऱ्या चहाच्या रंगाचे, बोटाने पुसल्यावर गंजाची बारीक कणी हाताला लागली. हे माझ्या टायरात जाणार होतं. मी पाइप जागेवर ठेवला आणि पुढच्या पंपावर गेलो.

टायरात खरोखर पाणी साचलं तर दोन गोष्टी होतात. तापल्यावर त्याची वाफ होते आणि नेहमीच्या वाढीवर आणखी दोनेक पीएसआय चढू शकतात. दुसरं म्हणजे लोखंडी रिमला आतून गंज धरतो, आणि दाब सांगणारा सेन्सर असेल तर तोही ओला राहतो. नायट्रोजनचं मशीन ऑक्सिजनबरोबर बाष्पही बाहेर टाकतं, त्यामुळे त्यातून येणारा वायू कोरडा असतो. नायट्रोजनचा गोव्यातला सगळ्यात प्रामाणिक फायदा हाच. पण ज्याचा कॉम्प्रेसर नीट ठेवलेला आहे त्याची साधी हवाही पुरेशी कोरडी येते. तेव्हा पिन दाबून दोन सेकंद झोत हातावर किंवा पांढऱ्या कागदावर घ्या. कोरडा असेल तर बिनधास्त भरा.

मग घ्यायचा की नाही?

बहुतेकांना गरज नाही. पंपावर साधी हवा फुकट मिळते, ती फुकट देणं तेल कंपन्यांच्या नियमांप्रमाणे पंपाला बंधनकारक आहे. पैसे मागितले तर शांतपणे मॅनेजरला विचारा.

ज्यांनी घ्यावा असं मी सांगतो ते लोक वेगळे आहेत. मालक सहा महिने जहाजावर किंवा आखातात, गाडी घरी ताडपत्रीखाली, आठवड्याला एकदा शेजारी चालू करून बघतो, अशा गाडीत हवा जितकी सावकाश उतरेल तितकं बरं. मुंबईहून सुट्टीला येणाऱ्यांच्या इथल्या घरात उभ्या असलेल्या गाड्यांचंही तेच. आणि ज्याच्या घराजवळच्या चांगल्या टायरवाल्याकडे नायट्रोजन चहाच्या किमतीत टॉप-अप करून मिळतो आणि त्या निमित्ताने तो महिन्याला नियमित हवा बघतो, त्याने जरूर घ्यावा.

शोरूमच्या बिलात 'नायट्रोजन' म्हणून वेगळी रक्कम दिसली तर मात्र ती काढून टाकायला सांगा. मी माझ्या दुसऱ्या गाडीच्या वेळी सांगितलं, काढली. न विचारता कुणी काढत नाही.

घ्यायचाच असेल तर नीट भरून घ्या

आधीच्या हवेवरच नायट्रोजन मारला तर अर्धा खेळ संपलाच. टायर पूर्ण सोडला तरी आत बाहेरच्या दाबाएवढी साधी हवा उरते. त्यावर ९५ टक्क्यांचा नायट्रोजन ३३ पीएसआयपर्यंत भरला तर मिश्रण होतं साधारण ९० टक्के. पुन्हा सोडून पुन्हा भरलं तर ९३ च्या वर. तिसऱ्यांदा ९४-९५. म्हणून पहिल्यांदा भरताना दोन-तीनदा सोडून भरायला सांगा. काही मशीन हे स्वतःच करतात, बटण दाबून फेऱ्या ठरवता येतात.

सोडताना गाडी जॅकवर उचललेली हवी, एकेक चाक. गाडीचं वजन चाकावर असताना पूर्ण हवा सोडली तर टायरची कड रिमखाली चेपली जाते. घाईतला पोऱ्या हे टाळायला बघतो, तुम्ही तिथेच उभे राहा. भरून झाल्यावर स्वतःच्या गेजने मोजा.

हिरवी टोपी लावली म्हणून आत नायट्रोजन आहे असं समजू नका. ती टोपी कुठेही मिळते. टोपीवरून आठवलं: व्हॉल्व्हवर चकचकीत धातूच्या टोप्या लावायची हौस किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी करू नये. खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमची टोपी पितळी व्हॉल्व्हला अशी धरून बसते की पक्कडीने फिरवताना व्हॉल्व्हच तुटतो. प्लॅस्टिकची टोपी लावा. पण लावा मात्र नक्की, कारण धूळ, चिखल आणि खारं पाणी पिनपर्यंत पोचू न देणं हेच तिचं काम.

मिसळलं तर काय होतं?

काहीही नाही. ३३ पीएसआयच्या नायट्रोजनच्या टायरातले तीन गेले आणि तुम्ही तीन पीएसआय साधी हवा भरली, तर ९५ टक्क्यांचे झाले ९४. एवढाच त्या पापाचा आकार.

आणि हे न कळल्याने काय होतं ते सांगतो. माझा मावसभाऊ वाळपईचा. गेल्या हिवाळ्यात बायको-मुलांना घेऊन बेळगावला लग्नाला निघाला. वाटेत साखळीला पेट्रोल भरताना पोऱ्याने दाखवलं, मागचं डावं चाक बसलंय. मोजलं तर २२. तिथलं नायट्रोजनचं मशीन बंद होतं, शेजारी फुकट हवेचा पाइप लटकत होता. पण शोरूमचं वाक्य डोक्यात पक्कं. "बेळगावला पोचल्यावर नायट्रोजन भरून घेईन." मला फोनवर हे त्याने नंतर सांगितलं, आधी विचारलं असतं तर दोन मिनिटांत सुटलं असतं.

चार माणसं, सामान, चोर्ला घाटाची वळणं. घाट चढून वर आल्यावर रबर जळल्याचा वास आला. टायर तोपर्यंत रिमवर बसला होता. दुसऱ्या दिवशी दुकानात तो टायर रिमवरून उतरवला तेव्हा मी व्हिडिओ कॉलवर होतो. मिस्त्रीने टायर आडवा करून आपटला आणि आतून काळी भुकटी पडली, कॉफी पूड सांडावी तशी. कडेच्या आतल्या बाजूचं रबर घासून-घासून झालेलं ते पीठ. बाहेरून टायर अगदी चांगला दिसत होता, नक्षीही भरपूर शिल्लक. पण अशी भुकटी निघालेला टायर पुन्हा वापरायचा नसतो. तो टायर गेला. पंक्चर होतं एका खिळ्याचं.

तेव्हा रस्त्यात हवा कमी दिसली तर जी मिळेल ती भरा.

हवा उतरते, पण का?

महिन्याला एक-दीड पीएसआय गेला तर गप्प बसा, भरा आणि पुढे जा. आठवड्यात तीन-चार गेले, किंवा चारांतलं एकच चाक सतत मागे पडतंय, तर वायू बदलून काही होणार नाही. आपल्याकडची कारणं ठरलेली आहेत. खिळा किंवा स्क्रू हे पहिलं. ट्यूबलेसमध्ये तो आत घट्ट बसून राहतो आणि आठवडाभर सावकाश हवा सोडतो. बांधकामं चालू असलेल्या रस्त्यांवर हे जास्त. दुसरं, व्हॉल्व्ह. टोपी काढून व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकीचा किंवा साबणाच्या पाण्याचा थेंब ठेवा. फुगा आला तर पिन बदला, अगदी स्वस्तात होतं. तिसरं कारण किनारपट्टीचं: लोखंडी रिमच्या ज्या कडेवर टायर बसतो तिथे गंजाचे पोपडे येतात आणि त्या फटीतून हवा झिरपते. टायर उतरवून ती कड घासून, साफ करून पुन्हा बसवावी लागते. अलॉय असतील तर खड्ड्यात वाकलेली कड शोधा.

डॅशबोर्डवर हवेचा दिवा असलेल्यांनी त्याच्यावर फार विसंबू नये. बऱ्याच गाड्यांत तो लागेपर्यंत चतुर्थांश हवा गेलेली असते.

पावसाळा आणि घाट

पावसात पकड वाढते म्हणून हवा कमी करा, असा सल्ला देणारे काका प्रत्येक गावात आहेत. उलटं आहे. हवा कमी असली की टायरची नक्षी मधून आत चेपली जाते, पाणी बाजूला सारायची तिची ताकद कमी होते आणि गाडी कमी वेगातच पाण्यावर तरंगायला लागते. राष्ट्रीय महामार्ग ६६ वर पावसाळ्यात जिथे पाणी साचतं तिथे हा अनुभव कुणालाही येऊ नये. पावसाआधी, म्हणजे मे महिन्यात, हवेबरोबर नक्षीही बघा. खाचेच्या तळाशी असलेल्या आडव्या उंचवट्यापर्यंत रबर झिजलं असेल तर १.६ मिलिमीटरच उरलंय, आणि ती कायद्याची शेवटची मर्यादा आहे. मी तोवर थांबत नाही.

बेळगावला जाताना "वर थंडी असते, दाब कमी होईल, नायट्रोजन घाला" असंही सांगतात. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंच आहे. तिथे बाहेरच्या हवेचा दाब कमी, म्हणून गेज सव्वा पीएसआयने जास्त दाखवतो. आणि इथल्यापेक्षा ८ अंश थंडी असेल तर तेवढाच कमी. दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. घरून निघताना आकडा बरोबर असला की पुरे.

आणि स्टेपनी

सगळ्यात शेवटी बघितली जाते, म्हणून इथेही शेवटी. डिकीतलं सामान काढावं लागतं हे खरं, पण तीन महिन्यांतून एकदा काढाच. पूर्ण आकाराची स्टेपनी असेल तर नेहमीच्या आकड्यापेक्षा तीन-चार पीएसआय जास्त ठेवा, वापरताना कमी करता येते, रस्त्यावर वाढवता येत नाही. बारीक, तात्पुरती स्टेपनी असेल तर तिचा आकडा तिच्यावरच लिहिलेला असतो, बहुधा ६० पीएसआय, आणि ताशी ८० च्या वर जायचं नसतं. काही नव्या गाड्यांत स्टेपनीऐवजी पंक्चरचं किट आणि छोटा पंप येतो. तो पंप एकदा घरी अंगणात लावून बघा, अंधारात घाटात पहिल्यांदा उघडू नका.

मावसभावाने त्या दिवशी चोर्ल्याला सामान रस्त्यावर मांडून स्टेपनी बाहेर काढली. गाडी घेतल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. नऊ पीएसआय होते. शोरूमने भरलेला नायट्रोजन.